राहीबाईंच्या मडक्यातलं बी



आमच्या गटातल्या एकीने सासूबाईंनी ठेवलेलं घेवड्याचं बी परसात टोकलं. गाठोड्यात ते तीन-चार वर्षं पडून होतं. एक दाणा उगवला नाही. गावात विचारलं, तर ते वाण आता कोणाकडेच नव्हतं. त्यावरून आमच्यात राहीबाईंचं नाव निघालं, म्हणून आजचं बोलणं त्यांच्याविषयी.

राहीबाई सोमा पोपेरे आपल्यापासून फार लांबच्या नाहीत. देवळाली कॅम्पातून घोटीला जायचं, तिथून बारीच्या रस्त्याने कळसूबाईला वळसा घातला की अकोले तालुका लागतो. विदर्भातलं अकोला नव्हे हं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. तिथल्या कोंभाळणे गावच्या त्या, महादेव कोळी समाजातल्या. जन्म १९६४ चा. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पावसाळ्यात शेती करायची आणि एरवी साखर कारखान्यावर मजुरीला जायचं, असे त्यांच्या घरचे दिवस होते. आपल्यातल्या किती जणींना हे ओळखीचं वाटेल!

नातू आजारी पडला, तेव्हा फवारलेल्या भाज्यांचा त्यांना संशय आला, असं त्या स्वतः सांगतात. मग त्यांनी आपल्या जुन्या गावठी वाणांकडे लक्ष वळवलं. वाल, घेवडा, भात, तूर, पालेभाज्या, जे मिळेल त्याचं बी त्या गोळा करत गेल्या. घरातले आधी हसलेच. पुढे बाएफ या संस्थेची साथ मिळाली आणि त्यांच्या घरातच बियाणं बँक उभी राहिली. १७ पिकांची ४३ वाणं त्यांनी जपली, अशी नोंद आहे. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ती त्यांनी घेतली.

पुरस्काराचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा देण्याघेण्याचा रिवाज. बी न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट परत आणून द्यायचं. आपल्या बचत गटाच्या कर्जासारखंच की हे! फक्त इथे व्याज दाण्यांत. बी कुलपात ठेवलं तर ते दोन-चार वर्षांत मरतं. दहा घरांच्या शेतात गेलं, तर एका घरचं पीक बुडालं तरी नऊ घरांत ते राहतं. आमच्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी बी जपलं होतं मनापासून, पण ते एकाच गाठोड्यात राहिलं.

आता कोणी विचारेल, दुकानातलं बी परत का ठेवू नये? संकरित म्हणजे हायब्रीड पिकाचं बी धरलं, तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत, उत्पन्नही घटतं. म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. गावठी आणि सुधारित वाणाचं मात्र धरता येतं. हायब्रीड वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. बाजारासाठी टोमॅटो लावणारीला उत्पन्न लागतंच. पण घरच्या खाण्यापुरत्या घेवड्याचं बी तरी दरसाल विकत का आणायचं? आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त त्यावर कंपनीचं नाव घालून विकायचं नाही.

सुरुवात घेवडा-वालापासून करा. त्यांचं परागीभवन बहुधा त्याच फुलात होतं, त्यामुळे वाण फारसं मिसळत नाही. दोडका, काकडी, भोपळ्याचं तसं नाही. मधमाशा शेजारच्या वेलाचे पराग आणतात आणि बी भेसळीचं होतं.

उभ्या पिकातच निरोगी, भरपूर शेंगांचे वेल हेरा आणि त्यांना चिंधी बांधा. ही चिंधी फार कामाची, नाहीतर चांगल्या शेंगा आधी भाजीत जातात आणि बियाण्याला उरतात त्या किडक्या! शेंगा वेलावरच वाळू द्या. मग दाणे काढून वाळवा. दाताखाली दाणा कटकन फुटला तर वाळला समजा. गरम दाणे लगेच भरू नका, निवू द्या. कोरड्या मडक्यात चाळलेली राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून तोंड शेणमातीने लिंपा. दमट राहिलं की बुरशी येते, उघडं राहिलं की भुंगा लागतो. मडक्यावर वाण आणि साल लिहा. लिहिता येत नसेल, तर मडक्याच्या गळ्यात त्याच वाणाची एक शेंग बांधा.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी वीस दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि ते ओलं राहील असं बघा. आठवड्यात पंधरा-सोळाला मोड आले तर बी चांगलं. दहाच आले तर दाट टोका. त्याहून कमी आले तर गटातल्या दुसरीकडून घ्या.

गटाच्या वहीत कर्जाच्या पानांमागे एक पान बियाण्याचं ठेवता येईल. कोणी नेलं, कोणतं वाण, किती मुठी आणि परत कधी. आम्ही आमच्या वहीत ते पान सुरू केलं आहे. पहिली ओळ त्याच मैत्रिणीची आहे: दोन मुठी घेवडा, पलीकडच्या वस्तीवरून आणलेला. चार मुठी परत करायच्या आहेत, दिवाळीनंतर.