ढेरी, डोंगर आणि कॅमेरा

रविवारची सकाळ. नऊ वाजून गेले तरी गृहस्थ अंथरुणातच आहेत. पत्नीने दोनदा चहा गरम केला, तो दोन्ही वेळा निवला. मुलगा 'बाबा, खाली खेळायला येता का?' म्हणून विचारून गेला. उत्तर एकच : 'कंटाळा आलाय रे, आज नको.' वय शेहेचाळीस. नोकरी चांगली, घराचे हप्ते निम्मे फिटलेले आणि कमरेचा पट्टा शेवटच्या भोकावर आलेला. इंदूर, बडोदा, ठाणे, बंगळूर, गाव कोणतेही असो, हे चित्र अनेक घरांना ओळखीचे वाटेल.

हा कंटाळा एका दिवसाचा नसतो. महिनोन् महिने टिकतो. चिडचिड वाढते, जिना चढताना दम लागतो, पतिपत्नींमधली जवळीक कमी होते. या शेवटच्या गोष्टीबद्दल तर घरात एक अक्षरही बोलले जात नाही. पत्नीला वाटते, आपल्यातला रस संपला. पतीला वाटते, आपले वय झाले. मग एखाद्या रात्री मोबाइलवर जाहिरात दिसते : 'पुन्हा पंचविशीचा जोम!' आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्यांची बाटली घरी येते.

जाहिरातीतला खलनायक एकच असतो, टेस्टोस्टेरॉनची कमतरता. हे पुरुषी संप्रेरक वृषणांत तयार होते. किती तयार करायचे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून सुटतो. स्नायूंची ताकद, हाडांची घनता, रक्तातल्या तांबड्या पेशी, कामेच्छा, मनाची उभारी, अशा अनेक गोष्टींत त्याचा हात असतो. तिशी-चाळिशीनंतर त्याचे प्रमाण वर्षाला सुमारे एक टक्का या संथ गतीने उतरत जाते. ही गती पाहिली तर पंचेचाळिशीतला माणूस केवळ वयामुळे अंथरुणाला खिळावा असे काही घडत नाही.

युरोपातील आठ केंद्रांवर ४० ते ७९ या वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. लक्षणे आणि रक्तातले कमी प्रमाण हे दोन्ही निकष काटेकोरपणे लावले तेव्हा वयाबरोबर येणारी खरी कमतरता भरली जेमतेम २ टक्के पुरुषांत. थकवा, उदासपणा, अशक्तपणा मात्र कितीतरी जणांत होता. म्हणजे थकणारे पुष्कळ आणि त्यांतले संप्रेरकामुळे थकणारे थोडे. बाटली विकणारा हा फरक सांगत नाही. त्याने का सांगावा?

बहात्तरीचा प्रयोग

तारुण्य परत आणण्याचा हा हव्यास आजचा नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या बहात्तराव्या वर्षी कुत्रे आणि गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपली ताकद परतल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. युरोप-अमेरिकेत या अर्काची लाट उसळली. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हे पुढे कळले. म्हणजे त्या पाण्याच्या अर्कात औषध नावापुरतेच होते. म्हातारबुवांना तरुण केले ते त्यांच्या विश्वासाने! खरे टेस्टोस्टेरॉन बैलांच्या वृषणांतून वेगळे झाले ते १९३५ साली, अॅमस्टरडॅममध्ये. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनवताही आले आणि १९३९ साली बुटेनान्ट (लैंगिक संप्रेरकांवरील कामासाठी) आणि रुझिका यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

आता हे औषध इंजेक्शन आणि जेल या रूपांत मिळते. ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी ते मोलाचे आहे. पण गरज ठरवायची रीत आहे. रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यायचे, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते. दुपारच्या तपासणीत निरोगी माणूसही आजारी ठरू शकतो. ताप किंवा मोठे आजारपण चालू असताना तपासणी करू नये. एकदा कमी आले तर पुन्हा एकदा करून खात्री करायची. आणि लक्षणे नसतील तर नुसत्या आकड्यावर उपचार करायचे नाहीत. साधारणपणे डेसिलिटरला ३०० ते १००० नॅनोग्रॅम ही मर्यादा प्रचलित आहे, पण प्रयोगशाळेगणिक ती थोडी बदलते.

सर्वांत मोठा अपघात घडतो तो तरुणांच्या बाबतीत. व्यायामशाळेतल्या कुणाच्या तरी सल्ल्याने दंड फुगवण्यासाठी इंजेक्शने सुरू होतात. बाहेरून संप्रेरक आयते मिळू लागले की पीयूषिका ग्रंथी वृषणांना हुकूम पाठवणे थांबवते. वृषण आकसतात आणि शुक्राणूंची निर्मिती जवळपास बंद पडते. दंड भरदार, छाती रुंद आणि लग्नानंतर दोन वर्षे पाळणा हलत नाही. सासरी दोष दिला जातो सुनेला, तिच्या तपासण्यांवर तपासण्या होतात. नवऱ्याच्या वीर्याची साधी तपासणी करावी असे शेवटपर्यंत कुणाला सुचत नाही. इंजेक्शने थांबवल्यावर शुक्राणू बहुतेकांत परततात, पण त्याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. मूल हवे असलेल्या पुरुषाने हे औषध घेऊ नये, हे वैद्यकातले स्पष्ट मार्गदर्शन आहे.

वयस्करांनाही सावधगिरी हवीच. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निकाल २०२३ साली आले. औषधाने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हा दिलासा. पण हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्या आणि मूत्रपिंडाला इजा हे प्रकार औषध घेणाऱ्यांत जास्त आढळले.

मग थकवा येतो कुठून?

बहुतेक वेळा पोटाच्या घेरातून आणि रात्रीच्या जागरणातून. मेदपेशींत एक विकर असते, ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर स्त्रीसंप्रेरकात करते. ढेरी जेवढी मोठी तेवढा हा कारखाना मोठा. शिवाय लठ्ठपणामुळे मेंदूकडून येणारा हुकूमही मंदावतो. वजन उतरले की टेस्टोस्टेरॉन चढते आणि जास्त उतरले तर जास्त चढते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे.

झोपेचे तसेच. शिकागो येथे २०११ साली दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरले. वयाने जे घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात ते जागरणाने आठवड्यात झाले! रात्री एकपर्यंत क्रिकेट नाहीतर मालिका बघणाऱ्यांनी हा आकडा टीव्हीवर चिकटवून ठेवावा. जे गृहस्थ मोठ्याने घोरतात आणि मध्येच श्वास अडकून दचकतात, त्यांच्या पत्नीने ही गोष्ट हसण्यावारी न नेता डॉक्टरांच्या कानावर घालावी. मधुमेह, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि उदासीनतेचा आजारही असाच थकवा देतात. त्यामुळे आधी साखर बघावी, मग संप्रेरकांकडे वळावे.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड म्हणूनच महत्त्वाची. लैंगिक ताठरतेची तक्रार सुरू झाली तर ती हृदयाची आगाऊ सूचना असू शकते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, म्हणून चरबीचा थर आधी तिथे अडथळा आणतो. हृदयाचे दुखणे पुढच्या काही वर्षांत डोके वर काढते. लाजेपोटी गुपचूप गोळी आणून वेळ मारून नेणारा माणूस ती सूचनाच पुसून टाकतो. अशा निनावी 'आयुर्वेदिक' गोळ्यांत चोरून मिसळलेले औषध परदेशात वारंवार पकडले गेले आहे. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याचा रक्तदाब त्या औषधाने एकाएकी कोसळू शकतो.

पाय बाहेर पडण्यासाठी निमित्त हवे

चालावे, हे सगळ्यांना माहीत असते. चालत कुणी नाही. जानेवारीत विकत घेतलेल्या धावपट्टीवर मार्चमध्ये ओले टॉवेल वाळत असतात. व्यायामासाठी व्यायाम ही गोष्ट बऱ्याच पुरुषांच्या स्वभावात बसत नाही. त्यांना काहीतरी काम लागते, हत्यार लागते. आणि इथेच कॅमेरा कामी येतो.

पक्षी टिपायचा तर सूर्योदयाला पाणथळीवर हजर राहावे लागते. डोंगराच्या कडेवरचे कोवळे ऊन अर्ध्या तासात संपते. म्हणजे पहाटे चारचा गजर, म्हणजे आदल्या रात्री साडेनऊला दिवे बंद! डॉक्टरांनी दहा वेळा सांगून जे झाले नाही ते एका खंड्याने करून दाखवले, असे घडते. शिवाय पाठीवर दीड-दोन किलोचे ओझे घेऊन चढउतार केली की मांड्यांना आपोआप मेहनत पडते.

यासाठी हिमालयच गाठावा असे नाही. पुणेकरांना सिंहगड आहे आणि त्यावरचे पिठले-भाकरीही. (भज्यांची दुसरी ताट मागवली तर चढाईचा हिशेब बरोबर होतो, हे ध्यानात असू द्यावे.) बडोदेकरांना पावागड, इंदूरकरांना जानापाव आणि पाताळपाणी, बंगळूरच्या मंडळींना नंदी टेकड्या, म्हैसूरला चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या. दिल्लीत राहणाऱ्यांना यमुनाकाठचे ओखला पक्षी अभयारण्य आहे, तिथे हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, थोड्या सरावानंतर पन्नाशीचा माणूसही गाठू शकतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या सुमारास सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असेल तर धुक्यावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती रंगांचे वर्तुळ दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते बघायला मिळाले तर माणूस पुढच्या वर्षी पुन्हा जातो, न सांगता जातो.

अतिरेक मात्र उलटा पडतो. अमेरिकी सैन्यातील रेंजर प्रशिक्षणात अर्धपोटी आणि अपुऱ्या झोपेत आठवडेच्या आठवडे राबवलेल्या तगड्या जवानांचे टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला गेल्याचे आढळले होते. पोटभर जेवण मिळाल्यावर ते पुन्हा वर आले. तेव्हा वर्षभर खुर्चीत बसून मे महिन्यात एकदम हिमालयात उडी, हा शहाणपणा नव्हे. चाळिशीनंतर पहिल्या मोठ्या चढाईआधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करावी. चढताना छातीत दडपण आले तर थांबावे, 'गॅसेस असतील' म्हणू नये. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये. डोके दुखून मळमळू लागले तर आणखी वर न जाता तिथेच थांबावे. वाढत गेले तर खाली उतरावे.

कोणता कॅमेरा?

एके काळी छत्तीस फोटोंचा एक रोल घेऊन सहल व्हायची आणि त्यातले चार फोटो काळे निघायचे. आज खिशातला मोबाइल निसर्गदृश्यासाठी पुरेसा आहे. ज्याला पक्षी हवेत त्याला लांबचे बघणारे भिंग लागेल, ते महाग आणि जड. म्हणून सुरुवात आठ पटीच्या साध्या दुर्बिणीने करावी. सहा महिने चालण्याची सवय टिकली तर कॅमेरा घ्यावा. नाहीतर तोही टॉवेलाखाली जाईल. हेल्मेटवर किंवा छातीवर बांधायचा इवलासा अॅक्शन कॅमेरा सायकलस्वारांना सोयीचा. या जातीचे नाव जगभर करणाऱ्या गोप्रोचा २००४ सालचा पहिला कॅमेरा चक्क फिल्मवर चालणारा होता, सर्फिंगच्या नादी लागलेल्या निक वुडमनने तो मनगटाला बांधता येईल असा आणला.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, ती रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवावी. विमानात जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावे लागतात. गार हवेतून उबदार खोलीत येण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा, म्हणजे भिंगावर दव धरत नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते, त्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. ड्रोन उडवण्याची हौस असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आधी वाचावेत. संरक्षित किल्ले आणि अभयारण्यांत परवानगीशिवाय तो पिशवीतून काढूच नये. कड्याच्या टोकावर पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांविषयी वेगळे काय सांगावे! वर्तमानपत्रे दर पावसाळ्यात सांगतच असतात.

पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊ नये. पिलांचा फोटो चांगला येतो, पण माणसांच्या वर्दळीने घाबरलेली पक्षीण घरटे सोडून जाऊ शकते.

आणि शक्य असेल तर एकट्याने जाऊ नये. पत्नीला पक्ष्यांची नोंदवही द्यावी, मुलाला दुर्बीण. तेराव्या वर्षी बापाशी न बोलणारा मुलगा झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवून 'बाबा, हळद्या!' असे पुटपुटतो, तेव्हा कॅमेरा वेळेत डोळ्याला लागला नाही तरी चालते. फक्त शनिवारी संध्याकाळी बॅटऱ्या चार्जिंगला लावायचे लक्षात ठेवावे, आणि सहा महिन्यांनी पट्ट्याचे भोक कितवे ते मोजून बघावे.