गोचिडीचें गणित

१९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या अरण्यांत प्रथम आढळलेला माकडताप २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत पसरला. काजू वेंचण्यास रानांत जाणाऱ्यांस त्याचें भय फार.

हा ताप गोचीड चावल्यानें होतो. ती अळी, पिलूं व प्रौढ अशा तीन अवस्थांत प्रत्येक वेळीं एकदांच रक्त पिते. म्हणून एका अवस्थेंत लागलेला रोग तिला बहुधा पुढल्या अवस्थेंतच देतां येतो. आतां समजा, एका बाधित जनावरावरून दहा गोचिडींनीं रोग उचलला. पुन्हा रक्त पिईपर्यंत त्यांतील एकच जगली व तिनें एकाच जनावरास तो दिला, तर रोग जागच्या जागीं राहील. हा हिशेब एकाहून खालीं गेला, कीं तो हळूहळू विझेल. रोग हटविण्यास सगळेच कीटक मारावे लागत नाहींत, हें रोनाल्ड रॉस यांनीं हिंवतापाविषयीं १९११ सालींच गणितानें दाखविलें होतें.

मनुष्यापासून मात्र माकडताप पुढें जात नाहीं. तेव्हां केवळ रुग्ण मोजून त्याचें बळ कळत नाहीं; रानांतील गोचिडीच मोजाव्या लागतात. विद्यापीठें या कामीं गणितज्ञ नेमतात, तीं याचसाठीं.

"गुरुजी, गणित कशास शिकावें?" असें मुलें मला विचारीत. आज त्यांस मी हेंच उत्तर देईन.