डब्यात उरलेली तिकिटं

प्रवास झाला की तिकीट घरी येत नसे. स्टेशनच्या फाटकावर टीसी ते हातातून काढून घ्यायचा. खिडकीवर परत केलेलं तिकीटही घरी येत नसे, त्याच्या बदल्यात पैसे यायचे. त्यामुळे श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जी तिकिटं उरली, ती सगळी न झालेल्या प्रवासांची आहेत, आणि ज्यांचे पैसे कधी परत आले नाहीत अशी आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, माजघरावरची कौलं गेली. ओल्या कपाटातलं सामान अंगणात वाळत घालताना तो डबा मी पहिल्यांदा नीट उघडून पाहिला.

त्यातलं सर्वांत जुनं तिकीट पुठ्ठ्याचं, बोटभर लांबीचं, कडेला तारीख ठोकलेलं. रोहा ते दिवा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचं. आपट्यापासून पुढे येऊन रेल्वे रोह्याला पोचली ती १९८६ मध्ये, आणि काही वर्षं रोहा हेच शेवटचं स्टेशन होतं. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांना रेल्वे म्हणजे रोहा. एसटीनं तिथवर जायचं आणि मग गाडीत बसायचं. बाबांनी हे तिकीट काढलं, गाडीची वाट पाहत बाकावर बसले, तेवढ्यात गावातला एक जण एसटीतून उतरला आणि म्हणाला, "तुमची आई पडली, घरी चला." बाबा आल्या पावली परत फिरले. तिकीट खिशातच राहिलं. खिडकीवर जाऊन ते परत करायची उसंतही नव्हती आणि तसं मनातही आलं नसणार. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिकीट मात्र बाबांनी टाकलं नाही.

साध्या तिकिटाचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकतो. २०१५ च्या नियमांनुसार अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांच्या आत परत करता येतं, आणि दरमाणशी ३० रुपये कापले जातात. पेण, रोहा, माणगाव या पट्ट्यातल्या जवळच्या प्रवासांची कितीतरी तिकिटं तीस रुपयांच्या आतली. म्हणजे परत करायला जावं तर हातात काहीच येत नाही. मोबाइलवर कागदाविना काढलेलं साधं तिकीट तर रद्दच करता येत नाही.

रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू झाली ती १९९३ मध्ये, वीरपर्यंत. माणगाव तेव्हापासून आमचं स्टेशन झालं. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला आणि मुंबईला असलेल्या आम्हा चाकरमान्यांचं रिझर्व्हेशनचं आयुष्य सुरू झालं. त्याच वर्षी तिकीट रद्द करण्याचे आणि पैसे परत देण्याचे नवे नियमही आले. त्या नियमांतली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते, कारण तिचा मी स्वतः लाभ घेतला आहे.

२००३ साली गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर आम्ही चौघं परतीला निघालो. म्हसळ्याच्या रस्त्यावर झाड पडलेलं. दोन्हीकडे गाड्यांची रांग, पाऊस, आणि चार माणसं कोयत्यानं फांद्या तोडतायत. माणगावला पोचलो तेव्हा गाडी जाऊन दीड तास झाला होता. बायको म्हणाली, तिकिटं फुकट गेली. मी खिडकीवर गेलो. आतल्या बाईंनी तिकीट उलटून पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, फॉर्म भरायला दिला, आणि अर्धे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. त्या पैशांत आम्ही चौघं एसटीनं मुंबईला आलो आणि वर वडापाव झाले. ते तिकीट अर्थातच डब्यात नाही.

खिडकीवरच्या बाईंनी आमच्यावर उपकार केला असं तेव्हा वाटलं. पुढे नियम वाचला तेव्हा कळलं की तो आमचा हक्कच होता. १९९८ च्या नियमांत गाडी सुटण्याआधीचे शेवटचे चार तास आणि गाडी सुटल्यानंतरचा काही काळ, या मुदतीत निम्मे पैसे परत मिळत. सुटल्यानंतरचा काळ अंतरावर ठरे. २०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला तीन तास, ५०० किलोमीटरपर्यंत सहा, त्याहून लांबच्या प्रवासाला बारा. रात्री नऊ ते पहाटे सहा या वेळात गाडी असेल आणि खिडकी बंद असेल, तर सकाळी ती उघडल्यापासून दोन तासांची मुभा होती. हे नियम ज्यांनी लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी चुकलेला माणूस होता. त्याला धाप लागलेली असते, त्याला खिडकीपर्यंत यायला वेळ लागतो, हे त्यांनी धरलेलं होतं.

१ जुलै २०१३ ला ही मुदत सरसकट दोन तासांवर आली. आणि १२ नोव्हेंबर २०१५ ला ती गाडीच्या पलीकडून अलीकडे आली. २०१५ च्या नियमांत ठरलं ते असं: पक्कं तिकीट असेल तर गाडी सुटण्याच्या चार तास आधीपर्यंत रद्द करा, त्यानंतर काही नाही. अठ्ठेचाळीस तासांच्या आधी रद्द केलं तर ठरावीक रक्कम कापणार, स्लीपरला १२०, थ्री एसीला १८०, म्हणजे आधीच्या दुप्पट. अठ्ठेचाळीस ते बारा तासांत पाव भाडं, बारा ते चार तासांत निम्मं. दलालांनी तिकिटं अडवून ठेवू नयेत आणि रिकामी होणारी जागा वेटिंगवाल्याला वेळेत मिळावी, हा या बदलामागचा हेतू सांगितला गेला. गणपतीत आणि मे महिन्यात कोकणच्या गाड्यांचं रिझर्व्हेशन काही मिनिटांत वेटिंगवर जातं हे ज्यानं सोसलंय, त्याला तो हेतू पटतोच. मलाही पटतो.

पण चार तास आधी आमचा माणूस कुठे असतो ते पाहा. तो घरातच असतो, भाकऱ्या बांधून घेत असतो. रस्त्यात झाड अजून पडलेलं नसतं. आगरदांडा-दिघीची जंगलजेटी, म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट, अजून चालू असते, खाडीला अजून उधाण आलेलं नसतं. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतरचे कितीतरी गणेशोत्सव कोलाड-इंदापूर-माणगावच्या कोंडीत गेले. त्या कोंडीत आपण अडकणार हे चार तास आधी कुणालाच माहीत नसतं. दादर किंवा ठाण्याच्या माणसाला स्टेशन पायाखाली असतं. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या चारही तालुक्यांच्या किनारी गावांत प्रवासी रेल्वेच नाही. अलिबाग तालुक्यात थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, पण ते मालगाडीचे. आमच्यासाठी घर ते स्टेशन हाच प्रवासातला बेभरवशाचा टप्पा, आणि जुना नियम नेमक्या त्याच टप्प्याला सांभाळून घेत होता. तो गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

पूर, बंद, रेल रोको अशा कारणांनी प्रवासी स्टेशनवर किंवा खिडकीवर पोचूच शकला नाही, तर अर्ज करून पैसे मागण्याची वाट नियमांत आहे. त्यासाठी टीडीआर भरावा लागतो, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती घेऊन दावा करायचा. तो रेल्वेच्या वाणिज्य खात्याकडे जातो, चौकशी होते, मग निर्णय. तो मान्य नसेल तर १९८९ पासून रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे आणि भाड्याच्या परताव्याचे दावेही त्याच्यापुढे चालतात. पण स्लीपरच्या एका तिकिटासाठी मुंबईच्या खंडपीठापर्यंत जाणारा माणूस आमच्या आळीत तरी मला भेटलेला नाही.

डब्यातलं दुसरं तिकीट माझ्या काकांचं आहे, मे २०१८ चं, माणगावहून परतीचं. वेटिंग. काकांचा विश्वास खिडकीवर. रांगेत उभं राहून, फॉर्म भरून, छापील कागद हातात घेतला की त्यांना तिकीट काढल्यासारखं वाटे. वेटिंग शेवटपर्यंत हललं नाही. ते एसटीनं मुंबईला गेले आणि बँकेत पैसे यायची वाट पाहत राहिले, कारण आदल्याच वर्षी माझ्या वेटिंगच्या तिकिटाचे पैसे काही न करता आपोआप परत आलेले त्यांनी पाहिले होते. माझं तिकीट मोबाइलवर काढलेलं होतं, त्यांचं खिडकीवरचं. ई-तिकीट २००५ मध्ये आलं. चार्ट लागल्यावरही जे ई-तिकीट पूर्ण वेटिंगवर राहील ते आपोआप रद्द होतं आणि थोडी रक्कम कापून उरलेले पैसे खात्यात येतात. खिडकीवरचं तिकीट मात्र गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत आपण रद्द करायचं असतं. नाही केलं तर सगळंच गेलं. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

ही चूक एकट्या काकांची नव्हती. कोटा शहरातल्या एका अभियंत्यानं माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा उत्तर आलं की १ जानेवारी २०१७ ते ३१ जानेवारी २०२० या काळात साडेनऊ कोटींहून अधिक प्रवाशांनी वेटिंगची तिकिटं रद्दच केली नाहीत, आणि त्यातून रेल्वेला ४,३३५ कोटी रुपये मिळाले. पक्की तिकिटं रद्द करताना कापलेली रक्कम ४,६८४ कोटींची होती, ती वेगळी. त्या साडेनऊ कोटींत काका एक. ज्यांनी सेवा घेतली नाही, ज्यांना सेवा मिळूच शकत नव्हती, अशा माणसांचे हे पैसे. ते न मागता परत जायला हवे होते, असं माझं ठाम मत आहे. मोबाइलच्या तिकिटाला जे जमलं ते खिडकीच्या तिकिटाला न जमण्यासारखं नव्हतं.

याच अभियंत्यानं स्वतःच्या ३५ रुपयांसाठी पाच वर्षं पाठपुरावा केला. जीएसटी लागू होण्याआधी रद्द केलेल्या तिकिटावर त्याच्याकडून सेवाकर कापला गेला होता. २०१९ मध्ये ३३ रुपये आले, तो उरलेल्या दोन रुपयांसाठी लढत राहिला, आणि २०२२ मध्ये त्याच्यासारख्या २ लाख ९८ हजार लोकांना मिळून २ कोटी ४३ लाख रुपये परत देण्याचं मान्य झालं. दोन रुपयांसाठी कशाला, असं त्याला अनेकांनी विचारलं असेल. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

काही गोष्टी सुधारल्या, त्याही मनापासून सांगायला हव्यात. २०१६ पासून खिडकीवरचं तिकीट १३९ वर फोन करून रद्द करता येऊ लागलं. तिकीट काढताना आपला मोबाइल नंबर दिलेला असला पाहिजे एवढंच, आणि पैसे घ्यायला मात्र मुदतीत खिडकीवर जावं लागतं. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर गाडी प्रत्यक्षात सुटण्याआधी मागणी केल्यास पूर्ण पैसे मिळतात. दरडी आणि माती रुळांवर येणाऱ्या आमच्या पावसाळ्यात हा नियम फार कामाचा, पण तो माहीत असलेले प्रवासी मला फलाटावर क्वचितच भेटले. जुलै २०२५ पासून चार्ट आठ तास आधी लागू लागला. वेटिंगवाल्याला घरातून निघण्याआधीच कळतं की निघायचं की नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला ही फार मोठी सोय झाली.

आणि डब्यातली शेवटची तिकिटं, सर्वांत वर ठेवलेली. २३ मार्च २०२०, माणगाव ते दादर, तिघांची. आम्ही शिमग्याला गावी आलो होतो. पालख्या झाल्या, रजा संपत आली, आणि २२ मार्चला देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. २५ ला गुढीपाडवा, त्याच दिवसापासून टाळेबंदी. आम्ही गावीच राहिलो. एरवी गाडी रद्द झाली तर खिडकीच्या तिकिटाचे पैसे तीन दिवसांत घ्यावे लागत. इथे स्टेशनपर्यंत जाणंच शक्य नव्हतं. रेल्वेनं मुदत आधी तीन महिने केली, मग सहा, आणि २१ मार्च ते ३१ जुलैच्या प्रवासांसाठी शेवटी नऊ महिने. १९९८ नंतर पहिल्यांदाच मला वाटलं की नियम लिहिणाऱ्यानं पुन्हा एकदा खिडकीपासून लांब असलेल्या माणसाचा विचार केला.

मध्ये निसर्ग आलं. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, कितीतरी दिवस आली नाही. डब्यात पाणी शिरलं होतं. पुठ्ठ्याचं जुनं तिकीट फुगलं पण टिकलं. काकांच्या तिकिटावरची शाई पुसट झाली. आमची तिन्ही नावं असलेला कागद घडीवर चिकटला होता. बायकोनं तो ताटावर पसरून, वर सुती फडकं ठेवून सावलीत वाळवला. पीएनआरचे दहा आकडे वाचता येत होते.

काही महिन्यांनी तो कागद वहीच्या दोन पानांत ठेवून मी स्टेशनवर गेलो. काचेआड मास्क लावलेला तरुण होता. त्यानं कागद दिव्यासमोर धरला, आकडे टाइप केले, स्क्रीन माझ्याकडे वळवून नावं बरोबर आहेत का विचारलं. मग पूर्ण भाडं मोजून काचेखालून सरकवलं. तिकीट त्यानं ठेवून घेतलं.

डब्यात आता दोनच आहेत.