कीटकनाशकाचे नाव नव्हे, गट ओळखा



पिकावर कीड दिसली की आपण कृषी सेवा केंद्रात जातो, "तुडतुड्यांवर चांगले औषध द्या" असे सांगतो आणि दुकानदार देईल ती बाटली घेऊन येतो. पहिल्या फवारणीने फरक पडला नाही तर दुसरी बाटली आणतो, मग तिसरी. नाव वेगळे, वेष्टन वेगळे, किंमतही वेगळी. परंतु आतील औषध पुष्कळदा एकाच कुळातील असते.

कपाशीचेच उदाहरण घ्या. बीटी कपाशीचे बियाणे बहुधा इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाची प्रक्रिया केलेले मिळते. पुढे तुडतुडे दिसल्यावर पुन्हा इमिडाक्लोप्रिडची फवारणी होते, त्यानंतर थायामेथोक्झाम आणि शेवटी ॲसिटामिप्रिड. शेतकऱ्याला वाटते की आपण तीन वेगवेगळी औषधे वापरली. प्रत्यक्षात ही तिन्ही निओनिकोटिनॉइड या एकाच गटातील आहेत आणि किडीच्या शरीरात एकाच ठिकाणी काम करतात. जे थोडे तुडतुडे पहिल्या औषधाला दाद देत नाहीत, ते उरलेल्या दोन औषधांतूनही बहुधा वाचतात आणि त्यांचीच संख्या वाढते. यालाच प्रतिकारशक्ती निर्माण होणे म्हणतात. म्हणून कीटकनाशकांचे मुख्य गट, त्यांची रासायनिक घडण आणि उपयोग यांची माहिती प्रत्येक शेतकऱ्याने करून घेणे गरजेचे आहे.

बाटलीवरील मजकूर कसा वाचावा?

बाटलीवर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले व्यापारी नाव असते. त्याखाली लहान अक्षरांत औषधाचे तांत्रिक नाव, प्रमाण आणि प्रकार असतो, उदाहरणार्थ 'सायपरमेथ्रीन १० टक्के ई.सी.'. हीच ओळ महत्त्वाची. सायपरमेथ्रीन २५ टक्के ई.सी. असेही मिळते. १० टक्के औषधाच्या १० मि.लि. मध्ये जेवढा क्रियाशील घटक असतो, तेवढाच २५ टक्के औषधाच्या सुमारे ४ मि.लि. मध्ये असतो. टक्केवारी न पाहता नेहमीच्या टोपणाने माप घेतल्यास मात्रा अडीच पट होते. खर्च वाढतो, पिकाला आणि फवारणाऱ्याला धोकाही होतो.

१) सेंद्रिय क्लोरिनयुक्त गट

येथे 'सेंद्रिय' या शब्दाचा सेंद्रिय शेतीशी संबंध नाही. रसायनशास्त्रात कार्बनयुक्त संयुगास सेंद्रिय म्हणतात. कार्बन, हायड्रोजन आणि क्लोरिन यांपासून ही औषधे बनतात. डी.डी.टी. हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही संयुगे लवकर विघटन पावत नाहीत, चरबीत विरघळतात आणि जमीन, चारा, दूध या मार्गाने माणसापर्यंत पोहोचतात. त्यामुळे डी.डी.टी. चा शेतीतील वापर १९८९ मध्ये, बी.एच.सी. चा १९९७ मध्ये बंद झाला. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. घरात जुना साठा असल्यास तो वापरू नये.

२) सेंद्रिय स्फुरदयुक्त गट (ऑरगॅनोफॉस्फेट)

या औषधांच्या रेणूच्या मध्यभागी स्फुरदाचा अणू असतो आणि त्याला ऑक्सिजन किंवा गंधक जोडलेले असते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, ॲसिफेट ही या गटातील औषधे होत. मज्जातंतूंमधून संदेश पुढे गेल्यावर तो थांबविण्याचे काम एक विकर करते. ही औषधे ते विकर निकामी करतात. संदेश थांबत नाही, कीड थरथरते आणि मरते. हेच विकर माणसाच्या शरीरातही असते, ही गोष्ट कधीही विसरू नये.

डायमेथोएट व ॲसिफेट ही आंतरप्रवाही असल्याने रसशोषक किडींवर चालतात. प्रोफेनोफॉस व क्विनॉलफॉस अळ्यांसाठी, तर क्लोरपायरीफॉस वाळवीसाठी वापरतात. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस आणि फॉस्फॅमिडॉन यांवर २०२० अखेर बंदी आली. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के वर २०२३ च्या आदेशाने बंदी आली. त्याच आदेशाने कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळे-भाज्यांवर डायमेथोएटला मनाई केली.

३) कार्बामेट गट

ही कार्बामिक आम्लापासून बनलेली संयुगे आहेत. थायोडीकार्ब, कार्बोसल्फान आणि कार्बोफ्युरान ही या गटातील औषधे. रासायनिक घडण वेगळी असली तरी ती त्याच विकरावर काम करतात. म्हणून स्फुरदयुक्त औषधानंतर कार्बामेट फवारणे म्हणजे गट बदलणे नव्हे. कार्बारिल व मेथोमिल यांवर आता बंदी आहे.

४) कृत्रिम पायरेथ्रॉइड गट

शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या झाडाच्या फुलांत नैसर्गिक कीटकनाशक असते, पण ते उन्हात टिकत नाही. त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत उन्हात टिकणारी संयुगे तयार करण्यात आली. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, फेनव्हलरेट, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही त्यांची उदाहरणे. ही स्पर्शजन्य व पोटविष आहेत, आंतरप्रवाही नाहीत. अत्यल्प मात्रेत अळी ताबडतोब खाली पडते, म्हणून ती लोकप्रिय झाली.

याच लोकप्रियतेची किंमत कापूस उत्पादकांनी मोजली. १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशात वारंवार फवारण्या करूनही अमेरिकन बोंडअळी मरेना आणि पायरेथ्रॉइडविरुद्ध तिची प्रतिकारशक्ती सिद्ध झाली. दुसरे असे की, ही औषधे मित्रकीटक मारतात आणि त्यानंतर पांढरी माशी वाढते. म्हणून कपाशीवर सुरुवातीच्या काळात ती टाळावीत आणि हंगामाच्या शेवटी गुलाबी बोंडअळीसाठी गरज पडली तरच वापरावीत. मासळीला ती अत्यंत विषारी आहेत. पंप तळ्यात किंवा ओढ्यात धुऊ नये.

५) निओनिकोटिनॉइड गट

तंबाखूतील निकोटिनशी साम्य असलेली ही औषधे मज्जातंतूंच्या संदेश घेणाऱ्या टोकावर बसतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, क्लोथियानिडीन ही त्यांची नावे. ती आंतरप्रवाही असल्याने तुडतुडे, मावा, फुलकिडे यांच्यासाठी उपयोगी आहेत. अळ्यांवर त्यांचा भरवसा ठेवू नये. मधमाश्यांना घातक असल्याने पीक फुलोऱ्यात असताना फवारू नयेत.

६) इतर नवे गट

स्पिनोसॅड आणि इमामेक्टिन बेन्झोएट ही जमिनीतील सूक्ष्म जीवांपासून मिळविलेली औषधे आहेत. अळ्यांवर प्रभावी, पण दोन्ही वेगवेगळ्या गटांतील. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हे डायअमाइड गटातील औषध अळीच्या स्नायूंतील कॅल्शियमचे नियंत्रण बिघडवते व अळी खाणे थांबवते. रेशीम किड्यांना ते घातक आहे, म्हणून तुतीच्या बागेजवळ ते फवारू नये. बुप्रोफेझीन रसशोषक किडींच्या पिल्लांची कात नीट बनू देत नाही. ते प्रौढ किडींना लगेच मारत नसल्याने दुसऱ्या दिवशी निकाल पाहू नये.

गट बदलून फवारणी

- किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्यावरच फवारणी करावी. कपाशीवर सरासरी २ ते ३ तुडतुडे प्रति पान, किंवा गुलाबी बोंडअळीचे ८ पतंग प्रति कामगंध सापळा सतत ३ रात्री, ही ती पातळी होय.
- बीजप्रक्रिया ज्या गटाची, त्या गटाची पहिली फवारणी करू नये.
- सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने करावी. ५ किलो निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा व एकूण १०० लिटर द्रावण करावे.
- लागोपाठच्या दोन फवारण्यांत एकच गट वापरू नये. 'प्रोफेनोफॉस ४० टक्के + सायपरमेथ्रीन ४ टक्के' असे तयार मिश्रण वापरल्यास दोन्ही गट वापरले गेले असे समजावे.
- स्वतःच्या मनाने दोन-तीन औषधे एकत्र करू नयेत. स्फुरदयुक्त, कार्बामेट व पायरेथ्रॉइड औषधे अल्कधर्मी द्रावणात लवकर विघटन पावतात, म्हणून ती बोर्डो मिश्रणात मिसळू नयेत.
- फवारणीची तारीख, तांत्रिक नाव व गट वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी दुकानात जाताना ही वही सोबत न्यावी.

गट माहीत असणे जीव वाचविते

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. उंच वाढलेल्या पिकात शिरून, दमट हवेत, पुरेसे संरक्षक कपडे नसताना फवारणी केली जात होती. असे प्रसंग टाळण्यासाठी बाटलीवरील चौकोनातील रंगीत त्रिकोण प्रथम पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम विषारी आणि हिरवा त्यामानाने कमी विषारी. हिरवा त्रिकोण असला तरी हातमोजे, तोंडावर मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व भर दुपारी फवारणी करू नये.

भरपूर घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, बाहुली बारीक होणे, उलटी, स्नायू फडफडणे, दम लागणे ही स्फुरदयुक्त व कार्बामेट विषबाधेची लक्षणे आहेत. रुग्णास ताबडतोब शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे, उलटी करवू नये आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. जाताना बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे. कारण या दोन्ही गटांच्या विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपिन देतात, स्फुरदयुक्त विषासाठी त्यासोबत प्रालिडॉक्झिमही देतात, तर निओनिकोटिनॉइडवर ठरावीक उतारा नाही आणि लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. कोणते विष गेले हे कळले नाही तर मोलाचा वेळ वाया जातो.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर आधी लहान अक्षरांतील ओळ वाचा, गट विचारा आणि पक्के बिल घ्या. मागच्या फवारणीचाच गट हाती येत असेल तर ती बाटली परत ठेवा.