उतारावर न्यूट्रल, मोबाईलवर चलान

या आठवड्याच्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांनी वाचा. बसमध्ये वाचा, लोकलमध्ये वाचा, फक्त गाडी चालवताना वाचू नका. आजचा विषयच तो आहे: गाडी कशी चालवली की पेट्रोलही वाचतं आणि चलानही येत नाही. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

बाबांचा फोन

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाबांची गाडी घेऊन मी पुण्याहून मुंबईला निघालो. पेट्रोल माझ्या खिशातून, त्यामुळे काटकसर जोरात चालू होती. लोणावळा मागे पडलं, घाट उतरायला लागला आणि मला काकांचा जुना सल्ला आठवला. "उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची. पेट्रोल फुकट!" टाकली. पाय काढून घेतला. गाडी आपली आपण पळतेय, इंजिन शांत, मीही खूश.

दोन-तीन वळणांनंतर काट्याकडे बघितलं तर ८५. ब्रेक मारला, काटा खाली आला, पुन्हा चढला. पुन्हा ब्रेक. खोपोलीपर्यंत पोचेस्तोवर चाकांकडून जळका वास यायला लागला होता.

काही दिवसांनी बाबांचा फोन. "अरे, गाडीवर दोन हजारांचं चलान आलंय. ओव्हरस्पीडिंग. घाटातलं, फोटोसकट." कारण चलानचा मेसेज चालवणाऱ्याला येत नाही, गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नंबरवर जातो. मी म्हटलं, "बाबा, मी तर ॲक्सिलरेटर दाबलाच नव्हता!" बाबा शांतपणे म्हणाले, "मग गाडी कोण चालवत होतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हिशोब केला आणि लाज वाटली. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरू, आकडेमोड सोपी जाते. दोन हजार म्हणजे वीस लिटर. गाडी १५ चं ॲव्हरेज देत असेल तर ३०० किलोमीटर. म्हणजे पुणे ते मुंबई आणि परत, अख्खी फेरी! दहा-वीस रुपयांचं पेट्रोल वाचवायला गेलो आणि पूर्ण ट्रिपचं पेट्रोल घालवून बसलो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

न्यूट्रलने पेट्रोल वाचतच नाही

आता गंमत ऐका. ते दहा-वीस रुपयेसुद्धा वाचले नव्हते.

काकांचा सल्ला त्यांच्या काळात अगदीच चुकीचा नव्हता. तेव्हा गाड्यांना कार्ब्युरेटर असायचा. आजच्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. बीएस-सिक्स आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, बहुतेक नव्या दुचाकीही तशाच आहेत. अशी गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उताराच्या जोरावर चाकंच इंजिन फिरवतात. कॉम्प्युटरला कळतं की इंजिन बंद पडणार नाहीये, आणि तो इंजेक्टर बंद करतो. त्या वेळी पेट्रोलचा खर्च जवळजवळ शून्य.

न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. इंजिन चालू राहण्यासाठी त्याला पेट्रोल लागतंच, सिग्नलला उभं असताना लागतं तेवढं. म्हणजे मी "फुकट" समजत होतो तेव्हाच मीटर चालू होता.

आणि मोठं नुकसान वेगळंच. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये हे ओढणं गेलं, की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, आणि फार तापले की नीट धरेनासे होतात. घाटात पुढे ट्रक रांगत असतो, वळणापलीकडचं दिसत नसतं. तो जळका वास म्हणजे इशारा होता आणि मी त्याच्याकडे दुर्लक्ष करत होतो. चलान आलं ते स्वस्तात सुटलो म्हणायचं.

म्हणून नियम सोपा. घाट ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. तिसरा किंवा दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा खालचा गिअर निवडा. वेग आपोआप ताब्यात, पेट्रोल बंद, ब्रेक गार. एकाच सवयीत तिन्ही कामं झाली.

हवा पैसे मागते

आता सपाट रस्त्यावर येऊ. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे, लांबी साधारण ९४ किलोमीटर, सपाटीवर कारला मर्यादा १००. आपल्यातल्या अनेकांना वाटतं, १२० ने काय बिघडतं?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग १०० वरून १२० केला, म्हणजे २० टक्के वाढवला, तर हवेचा विरोध ४४ टक्के वाढतो. बाईकवर हात सोडून द्या, कारच्या खिडकीतून तळवा बाहेर काढायचीही गरज नाही, गाडीच्या आवाजातच ते कळतं. पेट्रोलचा खर्च बरोब्बर तेवढाच वाढत नाही, कारण टायरचं घर्षण वगैरे इतर खर्चही असतात. पण हायवेच्या वेगात सगळ्यात मोठा वाटा हवेचाच.

बदल्यात मिळतं काय? ९० किलोमीटर १०० ने गेलात तर ५४ मिनिटं, १२० ने गेलात तर ४५. नऊ मिनिटं. तीही ट्रक आडवे आले नाहीत, टोलला रांग नसली तर. ही नऊ मिनिटं पुढे शहरातल्या पहिल्या दोन मोठ्या सिग्नलला परत द्यावी लागतात, हे प्रत्येकाने अनुभवलंय.

समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी, हेही सांगतो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, कारला मर्यादा १२०. तिथे पूर्ण रस्ता १२० ने आणि १०० ने, यात कागदावर सत्तर मिनिटांचा फरक पडतो. हा फरक खरा आहे. पण मर्यादा १२० आहे म्हणजे १२० नेच जायला हवं असं नाही. घाई असेल तर जा, पेट्रोलची किंमत माहीत असू द्या, आणि निघण्याआधी टायर बघा.

कॅमेऱ्यापुरता ब्रेक

आता खास आपली सवय. गाडी ११०–१२० ने चाललीय, मॅपवाल्या बाई म्हणतात "पुढे स्पीड कॅमेरा", आपण कचकन ब्रेक मारतो, कॅमेरा गेला की पुन्हा दाबतो. हुशारी वाटते. हिशोब करून बघू.

माणसं धरून गाडीचं वजन १२०० किलो समजा. वेग १०० वरून ६० वर आणला आणि परत १०० वर नेला, तर नुसता तो वेग परत मिळवायला साधारण ३५ ते ४० मिलिलिटर पेट्रोल लागतं. म्हणजे चार रुपयांच्या आसपास. ब्रेक म्हणजे काय, तर पेट्रोल जाळून कमावलेल्या वेगाची उष्णता करून हवेत सोडून देणं. पाणी उकळायचं आणि मोरीत ओतायचं, तसं. एका प्रवासात असं वीस वेळा केलं तर ऐंशी रुपये नुसते ब्रेकवर गेले.

आणि ही युक्ती आता पुरतही नाही. एक्सप्रेसवेवर २०२४ पासून जी नवी कॅमेरा यंत्रणा चालू झाली, तिच्यात सरासरी वेगही मोजला जातो. एका कमानीखाली तुमचा नंबर टिपला, पुढच्या कमानीखाली पुन्हा टिपला. मधलं अंतर माहीत, वेळ माहीत, भागाकार केला की झालं. दहा किलोमीटरला सहा मिनिटं लागली तर सरासरी १००. पाच मिनिटांत पोचलात तर १२०, मग दोन्ही कमानींखाली तुम्ही कितीही सज्जन दिसा.

मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमात हलक्या वाहनाला यासाठी एक ते दोन हजार रुपये दंड आहे. पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्त होण्याची तरतूद आहे. ज्याची नोकरीच डिलिव्हरी किंवा कॅबवर आहे त्याच्यासाठी तो दंड नाही, रोजीरोटीचा प्रश्न आहे.

मर्यादा बदलते तिथे लक्ष

चलान बसण्याची एक हमखास जागा म्हणजे जिथे मर्यादा अचानक खाली येते. मुंबईच्या कोस्टल रोडवर सरळ भागात ८०, पण बोगद्यात ६०. अटल सेतूवर कारला १००, पण चढायच्या-उतरायच्या रॅम्पवर ४०. पाटी दिसल्यावर ब्रेक मारू नका. पाटी दुरून दिसली की पाय उचला, गाडी गिअरमध्येच ठेवा, ती घरंगळत हळू होईल. पाटीपर्यंत पोचाल तेव्हा वेगही बरोबर आणि मधल्या अंतराचं पेट्रोलही वाचलेलं.

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये ८० च्या वर गेलं की मधूनमधून बीप वाजतो, १२० च्या वर अखंड. मित्र म्हणतात, "हे बंद कसं करायचं?" करू नका. तो बीप म्हणजे शेजारी बसलेली आई आहे असं समजा.

बाईक आणि स्कूटरवाल्यांसाठी

एक्सप्रेसवेवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांचं खरं मैदान शहरातलं. तिथे हवा कमी आणि थांबणं-निघणं जास्त पैसे खातं.

पुढचा सिग्नल लाल दिसतोय? मग तिथपर्यंत जोरात जाऊन सगळ्यांच्या पुढे थांबण्यात काय मिळतं? थ्रॉटल आधीच सोडा. अनेकदा तुम्ही पोचेपर्यंत हिरवा होतो आणि पूर्ण थांबावंच लागत नाही. टायमर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त दाखवत असेल तर इंजिन बंद करा. हाफ क्लचवर गाडी रेटू नका, पेट्रोलही जातं आणि क्लचप्लेटही. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे इंधन बचतीवर काम करणारी सरकारी संस्था, ४५ ते ५५ चा वेग किफायतशीर सांगते. शहरातल्या मर्यादेतही तो साधारण बसतो.

आणि टायर. हवा कमी असेल तर गाडी ओढल्यासारखी चालते. गाडी गार असताना, पंधरा दिवसांतून एकदा हवा तपासा. आकडा कारच्या ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, बाईकच्या बहुधा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवर. "दादा, अंदाजे भर" असं म्हणू नका.

मूळ सवय एकच

हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. एकच गोष्ट धरा: लांब बघा आणि अंतर ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" असं मोजा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. १०० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ८० मीटरपेक्षा थोडं जास्त. एवढं अंतर असलं की ब्रेकची वेळच कमी येते. ब्रेक कमी म्हणजे पेट्रोल कमी. आणि लांब बघणाऱ्याला पाटी आधी दिसते, म्हणून चलानही कमी.

कोणी मध्ये घुसेल. घुसू दे. पाय थोडा उचला, अंतर परत तयार होतं.

जाता जाता एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर "तुमचं चलान" म्हणून एपीके फाईल आली तर उघडू नका, ती फसवणूक असते. चलान खरं आहे का, हे परिवहन खात्याच्या अधिकृत ई-चलान साईटवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा.

या भागाचा गृहपाठ: टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा. एक टाकी नेहमीसारखी चालवा, पुन्हा फुल करा, किती लिटर बसलं ते बघा. पुढची टाकी त्याच रस्त्यावर लांब बघत, पाय हलका ठेवून चालवा. दोन्ही आकडे आम्हाला पाठवा. माझे आकडे मी पुढच्या भागात सांगतो. बाबांनाही सांगणार आहे, कारण त्यांनी गाडीची किल्ली अजून परत दिलेली नाही.

भेटू. सावकाश या.