चार वाटांनी गेलेलं ब्रिटन

बोस्टनमधला जुना रहिवासी 'कार' किंवा 'हार्बर' म्हणताना शब्दाच्या शेवटचा 'र' गाळतो. हा लहेजा लंडन आणि दक्षिण इंग्लंडच्या उच्चारांशी नातं सांगणारा. पण आज तो ज्यांच्या तोंडी ऐकू येतो त्यांतल्या कितीतरी जणांचे पूर्वज आयर्लंडमधून किंवा इटलीतून आलेले आहेत. याउलट ॲपलाचियन डोंगररांगांत ब्रिटिश वंशाचीच वस्ती मोठी, आणि तिथे 'र' ठसठशीत उच्चारला जातो. अमेरिकेतल्या ब्रिटिश वारशाचा शोध म्हणूनच वंशावळीच्या वहीत संपत नाही. तो बोलण्यात, गावाच्या कारभारात, शाळेत आणि गाण्यात घ्यावा लागतो.

या शोधाची एक मोठी मांडणी इतिहासकार डेव्हिड हॅकेट फिशर यांनी १९८९ साली 'अल्बियन्स सीड' या ग्रंथात केली. सतराव्या आणि अठराव्या शतकात ब्रिटनच्या चार वेगवेगळ्या मुलखांतून चार लाटा अमेरिकेत आल्या आणि प्रत्येकीने आपापल्या मुलखाच्या रीती नव्या भूमीत रुजवल्या, हे त्यांचं सूत्र. त्यावर पुष्कळ वाद झाले, पण नकाशा वाचायला ते अजूनही उपयोगी पडतं.

सभा, शाळा आणि शिस्त

पहिली लाट प्युरिटनांची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं आणखी शुद्धीकरण मागणाऱ्या प्रोटेस्टंटांची. १६२९ ते १६४० या काळात सुमारे वीस हजार माणसं मॅसॅच्युसेट्सला आली. त्यांतली बरीच पूर्व इंग्लंडमधली, सफोक, एसेक्स, नॉरफोक या परगण्यांतली. त्यांच्या गावांची नावंच साक्ष देतात: इप्सविच, डेडहॅम, सडबरी, ब्रेनट्री, ग्रोटन. ही माणसं बहुधा कुटुंबकबिल्यासह आली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत होतं. शिकलेले धर्मोपदेशक मिळत राहावेत म्हणून त्यांनी १६३६ साली हार्वर्डची पायाभरणी केली. बायबल प्रत्येकाने स्वतः वाचलं पाहिजे या श्रद्धेपोटी १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या प्रत्येक गावावर शिक्षक नेमण्याची आणि शंभर घरांच्या गावावर लॅटिन शिकवणारी शाळा काढण्याची सक्ती आली. गावाचे निर्णय गावसभेत होऊ लागले, आणि न्यू इंग्लंडच्या अनेक गावांत आजही ही सभा भरते, अंदाजपत्रक मंजूर करते.

याच शिस्तीची दुसरी बाजू कठोर होती. १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला.

दुसरी लाट व्हर्जिनियाची. १६०७ साली जेम्सटाउनला सुरुवात झाली होती, पण त्या समाजाला आकार आला तो गव्हर्नर विल्यम बर्कली यांच्या काळात, १६४२ नंतर. इथे दक्षिण आणि पश्चिम इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांतले धाकटे मुलगे आले, आणि त्यांच्या कितीतरी पट संख्येने करारबद्ध मजूर आले. सरे, ससेक्स, ग्लॉस्टर, मिडलसेक्स अशी परगण्यांची नावं इंग्लंडहून आली, तसे अँग्लिकन चर्च आणि परगण्याचं न्यायालयही आलं. व्हर्जिनियात मोफत शाळा आणि छापखाने नाहीत याबद्दल बर्कलींनी १६७१ साली देवाचे आभार मानले होते. मॅसॅच्युसेट्सच्या शाळांच्या कायद्याशेजारी हे विधान ठेवलं की एकाच राजाच्या प्रजेत केवढं अंतर होतं ते कळतं.

व्हर्जिनियाने इंग्लंडची रीत जिथे हवी तिथे पाळली आणि जिथे अडचणीची तिथे मोडली. इंग्लंडमध्ये मुलाचा दर्जा बापावरून ठरे. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. त्यामुळे गोऱ्या मालकाचं गुलाम स्त्रीपासून झालेलं मूल जन्मतःच गुलाम ठरलं. वारसा हा शब्द उच्चारताना हा कायदा विसरून चालणार नाही.

मित्रसमाज आणि सीमेवरची माणसं

तिसरी लाट क्वेकरांची, म्हणजे 'मित्रसमाज' म्हणवणाऱ्या पंथाच्या अनुयायांची. १६८१ साली विल्यम पेन यांना पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली आणि इंग्लंडच्या उत्तर व मध्य भागांतून, वेल्समधून माणसं डेलावेअर नदीच्या खोऱ्यात उतरली. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला मेरियन, रॅडनॉर, ब्रिन मॉर ही वेल्श नावं तेव्हापासूनची मिरास सांगतात. राजा असो की नोकर, क्वेकर माणूस सर्वांना सारख्याच एकेरी सर्वनामाने हाक मारी आणि कुणापुढेही टोपी काढत नसे. १६८८ साली जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. संपूर्ण समाजाला तिथवर यायला मात्र जवळजवळ शतक लागलं: १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली.

चौथी लाट सर्वांत मोठी. १७१७ च्या सुमारापासून स्वातंत्र्ययुद्धापर्यंत उत्तर आयर्लंडचा अल्स्टर प्रांत, स्कॉटलंडचा सखल भाग आणि इंग्लंडची उत्तर सीमा यांतून दोन लाखांहून अधिक माणसं आली. वाढलेले खंड, पडलेली पिकं आणि तागाच्या कापडाच्या धंद्यातली मंदी यांनी त्यांना घर सोडायला लावलं. किनाऱ्यावरची चांगली जमीन गेलेली होती, म्हणून ती पेनसिल्व्हेनियातून शेनांडोआ खोऱ्याने दक्षिणेकडे ॲपलाचियन डोंगरांत सरकली. अँड्र्यू जॅक्सन यांचे आईवडील याच लोंढ्यातले.

त्यांच्या बोलीचे अवशेष आजही सापडतात. पिट्सबर्गमध्ये अनेकांना उद्देशून 'यिन्झ' म्हणतात, घर आवरण्याला 'रेड अप' म्हणतात. डोंगरात पिशवीला 'पोक' हा शब्द होता. भाषाशास्त्रज्ञ हान्स कुराथ यांनी १९४९ साली पूर्व अमेरिकेचा शब्दनकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये एक स्वतंत्र 'मिडलँड' पट्टा स्पष्ट झाला. तो पट्टा पेनसिल्व्हेनियातून निघून डोंगरांकडे आणि पश्चिमेकडे पसरला, म्हणजे वसाहतकऱ्यांच्या वाटेनेच गेला.

डोंगरातली गाणी

१९१६ ते १९१८ या काळात इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प, मॉड कार्पेलिस यांना सोबत घेऊन या डोंगरांत फिरले. त्यांच्याआधी मॅसॅच्युसेट्सच्या ऑलिव्ह डेम कॅम्पबेल यांनी तिथली गाणी लिहून घ्यायला सुरुवात केली होती, आणि तो संग्रह पाहूनच शार्प यांना या प्रदेशाची ओढ लागली. दम्याने बेजार झालेल्या त्या माणसाने झोपडी-झोपडीत जाऊन सोळाशेहून अधिक चाली टिपल्या. रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस यांनी १६६६ च्या जानेवारीत लंडनमध्ये ऐकल्याचं नोंदवलेलं 'बार्बरा ॲलन'चं गाणं इथे अजून कुटुंबांच्या ओठांवर होतं.

पण शार्प यांना इंग्लंड शोधायचं होतं, आणि त्यांनी मुख्यतः तेच टिपलं. याच डोंगरांत वाजणारा बॅन्जो आफ्रिकेतून आलेल्या गुलामांच्या वाद्यपरंपरेतून घडला होता. तो, भजनं आणि कृष्णवर्णीय गायक बहुतांशी वहीबाहेर राहिले. डोंगरात एलिझाबेथकालीन इंग्रजी जशीच्या तशी उरली आहे, ही लाडकी समजूतही अशाच ओढीतून आली. मायकेल माँटगोमेरी यांच्यासारख्या भाषाअभ्यासकांनी दाखवलं की या बोलीच्या व्याकरणात अल्स्टरचा वाटा मोठा आहे, आणि तिने स्वतःचं असं पुष्कळ काही घडवलं आहे. उत्तर कॅरोलिनाच्या ओक्राकोक बेटावर वॉल्ट वुल्फ्राम यांनी केलेला अभ्यासही हेच सांगतो. तिथे 'हाय टाइड'चा उच्चार 'हॉय टॉइड' होतो, शेक्सपिअरच्या काळातले शब्द भेटतात, पण त्यांचे अर्थ बदललेले असतात. बोली जिवंत राहते ती बदलत राहूनच.

दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनारी बेटांवर हा बदल सर्वांत खोल आहे. गुलामांनी इंग्रजी शब्दांना पश्चिम आफ्रिकी भाषांचा साज चढवून गल्ला भाषा उभी केली. लोरेन्झो डाऊ टर्नर यांनी १९४९ साली तिच्यातला आफ्रिकी वाटा पुराव्यानिशी मांडेपर्यंत विद्वान तिला मोडकी इंग्रजी समजत होते.

वारसा कुणाचा?

१९६३ साली भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांचा मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेटावर राहायचं ठरवलेले तरुण काही स्वर जुन्या कोळ्यांच्या धाटणीने, अधिक ठासून उच्चारत होते. बाहेर पडू पाहणाऱ्यांत ती खूण फिकी होती. त्या तरुणांत पोर्तुगीज वंशाचेही होते. म्हणजे वारसा नुसता अंगावर येऊन पडत नाही, माणूस तो निवडतोही.

मराठी वाचकाला याचा पुरावा घरात सापडेल. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. त्यांना पाठवणारं अमेरिकन मिशन बोर्ड मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन परंपरेतल्या चर्चांचं होतं. प्रत्येकाने स्वतः वाचलं पाहिजे, हाच आग्रह घेऊन त्यांनी मराठी शाळा काढल्या, छापखाना उभारला. १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' निघालं. न्यू हॅम्पशरच्या सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मात्र शिक्षणाचा तो आग्रह जातिव्यवस्थेविरुद्धच्या लढ्याचं हत्यार केला. अंगावर पडलेलं शेण झेलत ते चालवण्याची हिंमत त्यांची स्वतःची होती.

म्हणून अमेरिकेतल्या ब्रिटिश वारशाचा हिशेब आडनावं मोजून मांडू नये. गावसभेत हात वर करणारा इटालियन वंशाचा नागरिक, गल्लात गोष्ट सांगणारी आजी, अल्स्टरचं व्याकरण बोलणारा खाणकामगार हे सगळे त्या वारशाचे खरे हक्कदार आहेत. ज्यांना व्हर्जिनियाच्या कायद्याने वारसा नाकारला, त्यांनी तो सर्वांत जास्त समृद्ध केला. एखाद्या संस्कृतीची थोरवी तिने किती मूळ रूप राखलं यावर ठरत नाही. तिच्यातलं चांगलं परक्यांनी किती आपलंसं केलं आणि वाईट किती निर्धाराने मोडून काढलं, यावर ठरते.