एक ब्रास वाळू

घर बांधायला काढलं तेव्हा मी नववीत होतो. वाळूचा पहिला ट्रक दारात लागला आणि वडील टेप घेऊन हौद्यात चढले. लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्यायची, गुणाकार करून शंभराने भागायचं. शंभर घनफुटांचा एक ब्रास. मी खाली वही घेऊन आकडे टिपत होतो. आमचे गवंडी शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मालक, ओली वाळू अशी मोजून घेऊ नका. ती फुगलेली असते."

वाळू फुगते हे मला नवीन होतं. गवंड्यांनी बादलीत दमट वाळू भरली, वर खूण केली आणि तिच्यावर पाणी ओतलं. पाणी पार वर येईपर्यंत वाळू खुणेच्या बरीच खाली बसली. दमट वाळूत प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. बारीक वाळू अशी पाव पटीनेही फुगते. भरपूर पाणी घातलं की पापुद्रे मोडतात आणि ती कोरड्या वाळूइतकी खाली येते. त्या दिवशी वडिलांना प्रश्न पडला तो पैशांचा. मला पडला तो वेगळा होता: एका ब्रासमध्ये कण किती?

हा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी मांडला. बांधकामाच्या वाळूचा कण अर्धा मिलिमीटर व्यासाचा आणि गोल धरला. ढिगात कणांच्या मधली मोकळी जागा ४० टक्के धरली. मग एका घनमिलिमीटरमध्ये नऊ कण बसतात. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. सगळं गुणलं की उत्तर येतं सुमारे २,६०० कोटी.

आज पृथ्वीवर आठशे कोटींहून थोडी जास्त माणसं आहेत. एक ब्रास वाळू सगळ्यांना वाटली तर प्रत्येकाच्या तळहातावर तीन कण येतील. आजवर जन्माला आलेली सगळी माणसं, गुहेत राहणाऱ्यांपासून आज पहाटे जन्मलेल्या बाळापर्यंत, लोकसंख्येच्या अभ्यासकांच्या अंदाजाने ११,७०० कोटींच्या आसपास भरतात. माणशी एक कण ठेवायचा तर साडेचार ब्रास वाळू लागेल. ट्रकच्या दोन फेऱ्या. अख्खा मानववंश आमच्या अंगणात मावला असता.

आणि ती फुगलेली वाळू? पाव पटीने फुगलेला एक ब्रास मोजून घेतला तर ५२० कोटी कण कमी येतात. गवंड्यांच्या त्या एका वाक्याची किंमत एवढी होती.

मोजायला बसायचं ठरवलं तर? सेकंदाला एक कण, ना झोप ना जेवण, तर एक ब्रास मोजून व्हायला ८२४ वर्षं लागतील. आज शेवटचा कण बाजूला ठेवायचा असेल तर पहिला कण ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधी उचललेला असायला हवा. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं. त्या दराने एका पैशाला सव्वाचार लाखांहून जास्त कण पडत होते. मूठभर वाळूत साधारण तेवढेच कण असतात. मूठ वाळू, एक पैसा.

वाळू कशाला म्हणायचं, याचंही माप ठरलेलं आहे. चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९२२ साली कणांच्या आकाराची जी पट्टी मांडली ती आजही चालते. मिलिमीटरच्या सोळाव्या भागापासून दोन मिलिमीटरपर्यंत वाळू. त्याखाली गाळ, त्यावर खडे. ती दगडाची की शिंपल्याची, काळी की पांढरी, याच्याशी या व्याख्येला कर्तव्य नाही. व्यासातला हा फरक ३२ पटींचा आहे, पण आकारमानात तो ३२ चा घन होतो. वाळू म्हणवून घेणाऱ्या सगळ्यांत मोठ्या कणात वाळू म्हणवून घेणारे सगळ्यांत छोटे ३२,७६८ कण मावतात. एका शब्दाने हत्ती आणि मुंगी दोघांना हाक मारावी, तसं हे आहे.

आपल्या भाषेने मात्र ठिकाण आणि हाताचा स्पर्श पाहून वेगवेगळे शब्द ठेवले. दातांखाली कचकन येते ती रेव. समुद्रकाठी पसरते ती पुळण, संस्कृतातल्या पुलिनाची लेक. नागपूरकडे कन्हानची येते ती रेती, आणि ठाणे-मुंबईकडच्या खाड्यांवर ती जिथे उतरायची ती रेतीबंदरं. वालुका या संस्कृत शब्दाची वाळू झाली आणि नदीकाठी तिचं वाळवंट झालं. वाळवंट म्हटलं की आज शाळेतल्या मुलाला सहारा आठवतो, उंट आठवतो. वारकऱ्याला चंद्रभागा आठवते. मला वारकऱ्याचा अर्थ जवळचा वाटतो, कारण त्यात वाळूच्या शेजारी पाणी आहे.

आणखी एक शब्द सांगायलाच हवा. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, रेव. उसाच्या रसाचे दाणे धरायला लागले तेव्हा ते रेवेसारखे दिसले म्हणून त्यांनाही शर्करा म्हटलं गेलं. तिचीच आपली साखर, फारसीतली शकर, अरबीतली सुक्कर आणि पुढे युरोपातल्या भाषांमधली शुगर. जगभर चहात पडणाऱ्या त्या गोडाचं नाव खड्यांवरून पडलं आहे. आपण तर देवापुढे खडीसाखर ठेवतो. त्या शब्दाचे दोन्ही तुकडे खड्यांचेच.

पुन्हा आकड्यांकडे येतो, कारण वाळूने माणसाकडून फार मोठे आकडे काढून घेतले आहेत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त एकं-दहंची जी माळ दिली ती कोटीपाशी थांबत नाही. अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य करत ती परार्धापर्यंत जाते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. लहानपणी ही नावं पाठ करताना वाटायचं, एवढं काही जगात असणारच नाही. आता आमच्या कणाने मोजून पाहू. एका घनमीटर वाळूत ९०० कोटींहून जास्त कण असतात, म्हणजे खर्व जवळजवळ भरतो. पन्नास मीटर रुंद आणि पाच मीटर खोल अशी पुळण धरली तर परार्ध कधी पुरा होतो? ४४ किलोमीटरवर. दापोलीहून महाडला जायला याहून जास्त रस्ता लागतो. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा म्हणून आपण शिकलो. तो सगळा अशा पुळणीचा असता, खाड्या नसत्या, कातळ नसता, तरी तिथे साडेसोळा परार्ध कण भरले असते. भास्कराचार्यांची माळ गुहागर-मुरूडच्या वाळूत हरवली नसती. ती वाळूला पुरून उरण्याच्या बेतात होती.

बौद्धांनी याच्याही पुढे उडी मारली. ‘वज्रच्छेदिका’ या सूत्रात बुद्ध सुभूतीला विचारतात ते साधारण असं: गंगेत जितके वाळूचे कण, तितक्या गंगा असतील, तर त्या सगळ्या गंगांची वाळू किती? गंगेची वाळू ही कल्पना ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेली, तिथून जपानला गेली आणि तिथे तिची चक्क संख्या झाली. जपानीत गोगाशा म्हणजे १ वर ५२ शून्यं. त्यातला शा म्हणजे वाळू. सबंध पृथ्वी, गाभ्यासकट, दळून अर्ध्या मिलिमीटरची वाळू केली तरी कण भरतील साधारण १ वर ३१ शून्यं एवढेच. एका गोगाशासाठी अशा पृथ्व्या लागतील साधारण १ वर २१ शून्यं इतक्या. आपल्या नदीचं नाव परक्या भाषेत एवढा मोठा आकडा होऊन बसलं आहे आणि आपल्याला त्याची खबर नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

त्याच अंकमालेच्या दुसऱ्या टोकाला, अपूर्णांकांत, शा पुन्हा भेटतो. तिथे तो एकाचा दहा कोटीवा भाग आहे. मोजता येत नाही इतकं मोठं आणि दिसत नाही इतकं लहान, दोन्हीकडे वाळूच. हा दहा कोटीवा भाग लक्षात असू द्या.

ग्रीक बाजूला आर्किमिडीज. त्याने सिराक्यूजचा राजा गेलॉन याला उद्देशून एक छोटा ग्रंथ लिहिला. वाळू अनंत आहे असं मानणाऱ्यांना त्याला आकड्याने उत्तर द्यायचं होतं. म्हणून किनारा सोडून त्याने सबंध विश्वच वाळूने भरायला घेतलं, तेही ॲरिस्टार्कसचं, सूर्य मध्यभागी असलेलं, त्या काळातलं सर्वांत मोठं विश्व. अडचण अशी की ग्रीकांची संख्यानावं दहा हजारापाशी संपत होती. त्याला नवी रचावी लागली. आणि माप कुठून आणलं? खसखशीतून. पट्टीवर खसखशीचे दाणे ओळीने मांडले तर पंचवीस दाण्यांतच बोटाची रुंदी भरून जाते, असं त्याने पाहिलं. कुणी शंका काढू नये म्हणून त्याने चाळीस धरले आणि एका दाण्यात दहा हजार वाळूचे कण धरले. उत्तर आलं: १ वर ६३ शून्यं, त्याहून जास्त नाही. वेंटवर्थच्या पट्टीला त्याचा कण लावून पाहिला तर तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास येतो. ती वाळू नव्हेच, गाळ आहे. सगळा हिशेब त्याने आपल्या विरोधकांच्या सोयीने केला होता आणि तरीही वाळू मोजता येते हे दाखवून दिलं.

मोजता येते ती संपतेही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात सांगितलं की जग वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू-खडी वापरतं. विषुववृत्तावरून पृथ्वीभोवती २७ मीटर रुंद, २७ मीटर उंच भिंत घालता येईल एवढी, दर वर्षी नवी. साधारण नऊ मजली उंची. सगळ्या नद्या मिळून समुद्राला वर्षाला १,००० ते १,६०० कोटी टन गाळ-वाळू आणून देतात, असा याच संस्थेचा अंदाज आहे. उचल तिच्या निदान तिप्पट. धरणांच्या भिंतींमागे जी अडते ती तर समुद्रापर्यंत पोचतच नाही.

वाळवंटं आहेत ना, असं कुणीही म्हणेल. पण वाऱ्याने हजारो वर्षं घासून तिथला कण गुळगुळीत आणि गोल केलेला असतो. काँक्रीटला तो चालत नाही. दुबईने पाम जुमेरा हे बेट उभारलं तेव्हा पाठीशी एवढं मोठं वाळवंट असून ९.४ कोटी घनमीटर वाळू समुद्राच्या तळातून काढली. आमच्या कणाने साडेआठ परार्ध. जगाची वर्षाची सगळी उचल याच कणाची धरली तर ती होते अठ्ठावीसशे परार्ध. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बिणींना दिसू शकणाऱ्या विश्वातले तारे मोजले होते. अंदाज निघाला सात लाख परार्ध. याच वेगाने उपसा चालला तर अडीचशे वर्षांच्या आत आपण ताऱ्यांइतके कण उपसलेले असतील.

५,००० कोटी टन हा आकडा मनात मावत नाही. तो माणशी लावला की मावतो: दिवसाला सुमारे १७ किलो. एक घमेलं. कणांत सांगायचं तर दहा कोटी, म्हणजे एक कण त्या घमेल्याचा शा; दर सेकंदाला साडेअकराशेच्या आसपास. झोपेतसुद्धा.

माझं आजोळ माणगंगेच्या काठी, आटपाडीकडं. उन्हाळ्यात तिथे नदी नसायची, नुसती वाळू असायची. बेसाल्टची काळपट, मधूनच गारगोटीचा पांढरा कण चमकणारी. आजी पहाटे कळशी आणि नारळाची करवंटी घेऊन पात्रात जायची, मी मागोमाग. ती जागा निवडायची, गुडघे टेकायची आणि दोन्ही हातांनी झिरा खणायला लागायची. कोपरभर गेलं की वाळू गार लागायची, मग गडद व्हायची, मग तळाशी पाणी चमकायचं. कणांच्या मधल्या ज्या ४० टक्के पोकळीने आमच्या घराच्या हिशेबात जागा अडवली होती, तिच्यातच ते पाणी राहत होतं. एका ब्रासच्या पोटात हजार लिटरच्या वर पाणी मावतं. आजी पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायची, थांबायची, म्हणायची, "हळू रं, त्याला येऊ दे." मग करवंटी करवंटीने कळशी भरायची.

वीतभर तोंडाचा आणि कोपरभर खोल झिरा म्हणजे दहा-अकरा लिटर वाळू. मी मोजलं: दहा कोटी कण. ते खड्ड्याच्या काठाशीच पडलेले असायचे. रात्रीतून ते आत घसरायचे आणि झिरा बुजायचा. दुसऱ्या दिवशी आजी तेच दहा कोटी कण पुन्हा हातांनी बाजूला सारायची.

गेल्या उन्हाळ्यात तिथे गेलो होतो. पात्रात पोकलेनने केलेले खड्डे पुरुषभर खोल होते आणि खाली उघडा पडलेला खडक तापला होता.